दोन शहरांमधलं हवाई अंतर आणि विमानाला लागणारा वेळ : आकडे जुळत का नाहीत?

केतकी_न
नमस्कार मंडळी. आईबाबा लंडनहून न्यूयॉर्कला जाणार आहेत आणि काही आठवड्यांनी परत, त्यासाठी माहिती काढत बसलेय. अंतर दाखवणाऱ्या साइटवर दोन्ही शहरं टाकली तर ५,५४० किमीच्या आसपास येतं आणि वेळ ७ तास २५ मिनिटं, जाताना तेवढाच आणि येताना पण तेवढाच. तिकीट बघितलं तर जाताना आठ तास लिहिलेत आणि येताना सातच्याही आत. त्यात सुटायची वेळ पोचायच्या वेळेतून नुसती वजा केली तर जाताना तीन तास आणि येताना बारा तास असं भलतंच काहीतरी येतं. बाबांचा गुडघा दुखतो, एका जागी फार वेळ बसवत नाही, म्हणून मला नक्की किती वेळ धरायचा ते कळायला हवंय. शिवाय कुणीतरी म्हणालं की नकाशावर सरळ रेघ मारली तर त्या वाटेने विमान जातच नाही, हे खरं का? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा, घाई नाहीये.

गणितवेडा
५,५४० बरोबर आहे, फक्त ते कशाचं अंतर आहे ते आधी बघू. पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांमधली सगळ्यात जवळची वाट म्हणजे बृहद्वृत्ताचा तुकडा, ग्रेट सर्कल म्हणतात ते. घरात पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या, एक टोक लंडनवर धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि ताणा. दोरा आपोआप उत्तरेकडे सरकतो, आयर्लंडवरून जातो आणि पलीकडे न्यूफाउंडलंडजवळून खाली उतरतो. भिंतीवरच्या नकाशात हीच वाट उगाच वळसा घातल्यासारखी दिसते, कारण तिथे सगळे रेखांश समांतर उभे काढलेले असतात आणि प्रत्यक्षात ते ध्रुवाकडे जाताना जवळ जवळ येत जातात. विषुववृत्तावर एक अंश रेखांश म्हणजे १११ किमी, ६० अंश उत्तरेला तोच एक अंश फक्त ५५.५ किमीच्या आसपास. म्हणजे वरच्या बाजूने गेलं की पूर्व-पश्चिम अंतर खरोखरच कमी भरतं.

साइटवाले बहुतेक वेळा पृथ्वीला ६,३७१ किमी त्रिज्येचा पूर्ण गोल धरतात. ती तशी नाहीये, विषुववृत्ताशी त्रिज्या ६,३७८ आणि ध्रुवाशी ६,३५७, त्यामुळे वेगवेगळ्या साइटवर थोडा फरक दिसतो पण तो अर्ध्या टक्क्याच्या आतच असतो. तुमच्या अंतरावर फार तर पंचवीस-तीस किमी, विमानाला दोन मिनिटं. त्याची काळजी करू नका. एकक मात्र नीट बघा. विमानवाले सागरी मैल वापरतात, एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी, साधा मैल १.६०९. तेच ५,५४० किमी साध्या मैलात ३,४४० आणि सागरी मैलात २,९९० होतात, आणि पुष्कळ ठिकाणी नुसतं 'मैल' लिहून मोकळे होतात.

ढगांच्या_वर
अंतराचं वर आलंच आहे, मी वेळेचं सांगतो. त्या साइटवरचे ७ तास २५ कुठून आले असतील बघा. ५,५४० ला ताशी ८०० ने भागा, ६ तास ५५ मिनिटं. त्यात चढण्या-उतरण्याचा म्हणून अर्धा तास टाका. झाले ७:२५. यात ना वारा आहे, ना विमान कुठलं ते, ना विमानतळावरची गर्दी. ढोबळ अंदाजाला सूत्र ठीक आहे, मीही मनातल्या मनात तेच करतो, पण कुणाच्या तरी प्रवासाचं नियोजन त्यावर करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तिकिटावर जो वेळ असतो त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. सुटायची वेळ म्हणजे विमान गेटवरून मागे ढकललं जातं ती, चाकं जमीन सोडतात ती नव्हे. पोचायची वेळ म्हणजे पलीकडच्या गेटला जाऊन थांबतं ती. मधे टॅक्सीवे वरून, म्हणजे गेट ते धावपट्टीच्या रस्त्यावरून, रांगेत जाणं आलं, मोठ्या विमानतळांवर त्यातच वीस-तीस मिनिटं सहज जातात, आणि उतरताना घिरट्या आल्या. लंडनच्या हीथ्रो विमानतळाला तर यासाठी चार ठरलेल्या जागा आहेत, बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ओकॅम आणि बिगिन, तिथे विमानं एकावर एक हजार फुटांच्या फरकाने गोल फिरत राहतात आणि खालचं उतरलं की वरचं एक पायरी खाली येतं. कंपन्या हे सगळं धरून वर थोडी सूटही वेळापत्रकात ठेवतात, म्हणून कधीकधी विमान उशिरा सुटूनही वेळेत पोचतं. कॅप्टन जो "उड्डाणाचा वेळ" सांगतो तो फक्त हवेतला, त्यामुळे तो तिकिटापेक्षा कमीच असणार.

छोट्या अंतरावर हा फरक आणखी ठळक होतो. ५०० किमीच्या प्रवासाला ताशी ८३० ने भागलं तर ३६ मिनिटं येतात, तिकिटावर मात्र सव्वा तास वगैरे दिसेल. पूर्ण वेगात विमान जेमतेम थोडा वेळ असतं. बऱ्याच देशांत दहा हजार फुटांखाली २५० नॉट म्हणजे ताशी ४६३ किमी पेक्षा जास्त वेगाने जायला परवानगीच नसते.

निशिगंधा
छान माहिती. एक शंका, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते ना, मग विमान वर गेल्यावर न्यूयॉर्क आपणहून त्याच्याकडे यायला हवं, म्हणजे पश्चिमेला जाताना वेळ कमी लागायला हवा. इथे तर उलटंच होतंय?

गणितवेडा
शंका रास्त आहे. पण पृथ्वीसोबत हवाही फिरते आणि विमान उडायच्या आधीपासून त्याच वेगाने पूर्वेला जातच असतं. जमीन सोडली म्हणून तो वेग सुटत नाही, त्यामुळे शहर खालून सरकत जवळ आलं असं होत नाही. फिरण्याचा संबंध आहे तो आडून आहे. विषुववृत्ताकडची गरम हवा वरून ध्रुवाकडे निघते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती पूर्वेकडे वळते, त्यातून वरच्या थरात पश्चिमेकडून पूर्वेला वाहणारे जोरदार वारे तयार होतात. फरक पडतो तो त्यांच्यामुळे.

ढगांच्या_वर
बरोबर, जेट स्ट्रीम. साधारण ९ ते १२ किमी उंचीवर, म्हणजे नेमकी प्रवासी विमानं उडतात तिथेच. वेग ताशी शे-दीडशे किमी नेहमीचाच, हिवाळ्यात कधी ३०० च्या वरही जातो. ८-९ फेब्रुवारी २०२० च्या रात्री कियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं, जमिनीच्या हिशोबाने त्याचा वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला होता. आवाजापेक्षा जास्त वेगाने गेलं असं तेव्हा पुष्कळांनी लिहिलं, ते चुकीचं आहे. आजूबाजूच्या हवेच्या मानाने विमान नेहमीच्याच वेगात होतं, हवाच पुढे पळत होती. खरोखर आवाजापेक्षा जलद जाणारं कॉन्कॉर्ड होतं, त्याने ७ फेब्रुवारी १९९६ ला हेच अंतर २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांत कापलं होतं. २००३ पासून ते बंद आहे.

आता केतकीताई, तुमच्या जाण्या-येण्याचं. विमानाचा हवेतला वेग ९०० धरा, वारा १५० चा, सोयीसाठी अंतर ५,५००. जाताना वारा समोरून, ७५० राहिले, ७ तास २० मिनिटं. येताना पाठीमागून, १,०५०, म्हणजे ५ तास १४ मिनिटं. यात गेट ते गेटचा वेळ मिळवा की तुमच्या तिकिटातले आकडे जवळपास जुळतात. आणि एक गोष्ट सहसा कुणी लक्षात घेत नाही, जाताना गेलेला वेळ येताना पूर्ण भरून निघत नाही. वाराच नसता तर दोन्ही मिळून १२ तास १३ मिनिटं लागली असती, वाऱ्यामुळे १२ तास ३४ लागली. कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकलेलं असतं.

त्या भागात वाटाही रोज बदलतात. अटलांटिकवर दररोज वाऱ्याचा अंदाज बघून समांतर मार्ग आखले जातात, पश्चिमेला जाणारे दिवसाचे मार्ग शॅनविक हे हवाई वाहतूक नियंत्रण केंद्र ठरवतं आणि पूर्वेला येणारे रात्रीचे गँडर केंद्र. पूर्वेला येणारे मार्ग जेट स्ट्रीम पकडतात, पश्चिमेला जाणारे ती टाळून उत्तरेकडून किंवा दक्षिणेकडून जातात. म्हणून आज आणि उद्याचं तेच फ्लाइट वेगळ्या वाटेने गेलं तर घाबरायचं काही कारण नाही.

पश्चिमवारा
वाऱ्याचा विषय निघालाय तर दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को हे उदाहरण घ्यायलाच हवं, माझ्या मते यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. सरळ अंतर काढलं तर १२,३८० किमीच्या आसपास येतं आणि ती वाट उत्तर ध्रुवाच्या बरीच जवळून जाते. एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मधे हे थेट विमान सुरू केलं तेव्हा ते पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जायचं, साधारण १३,९०० किमी. मग ऑक्टोबर २०१६ मधे त्यांनी दिशाच बदलली, पूर्वेकडून पॅसिफिकवरून. ही वाट १५,३०० किमीची, म्हणजे १,४०० किमी जास्त. आणि तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर! सगळी वाट वारा पाठीशी. येताना पण पॅसिफिकवरूनच, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून आले असते तर समोरून मार खात यावं लागलं असतं, म्हणून येताना अटलांटिकच्या बाजूने, म्हणजे परत पूर्वेकडेच. जाऊन येऊन पूर्ण पृथ्वीप्रदक्षिणा व्हायची.

इतके किमी जास्त आणि वेळ कमी, हे एकदा नीट डोक्यात बसलं की मग अंतराच्या आकड्यावरून वेळ काढायचा मोहच होत नाही.

निशिगंधा
बापरे. मग सगळीच विमानं वाऱ्याच्या बाजूने का नाही पाठवत?

पश्चिमवारा
कारण दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को जवळजवळ पृथ्वीच्या विरुद्ध बाजूंना आहेत, दोन्हीकडून अंतरात फार फरक नाही म्हणून हे परवडतं. लंडनहून न्यूयॉर्कला पूर्वेकडून जायचं म्हटलं तर आशिया आणि पॅसिफिक दोन्ही ओलांडावे लागतील. आणि वेळ हा एकच हिशोब नसतो, इंधन किती, माणसं आणि सामान किती, कुठल्या देशावरून जाताना किती आकार भरायचा, हे सगळं बघून रोज वाट ठरते. इंधन वाचवायला मुद्दाम थोडं हळूही उडवतात.

रानपाखरू
माणसांनी घातलेल्या बंधनांचं कुणी बोललं नाही अजून. हेलसिंकी-टोकियो बघा. सरळ अंतर ७,८०० किमीच्या आसपास, आणि ती वाट जवळपास सगळी रशियावरून जाते. फेब्रुवारी २०२२ मधे युद्ध सुरू झाल्यावर रशियाचं आकाश युरोपच्या विमान कंपन्यांना बंद झालं, आणि साडेनऊ तासांचा प्रवास एकदम तेरा तासांवर गेला. फिनलंडच्या फिनएअर कंपनीची विमानं कधी उत्तर ध्रुवावरून तर कधी खालून दक्षिणेकडून वळसा घालून जायला लागली. याच कंपनीने १९८३ मधे सोव्हिएत हद्द टाळायला ध्रुवावरून थेट टोकियोचं विमान सुरू केलं होतं, चाळीस वर्षांनी परत त्याच वाटेवर यावं लागलं. आपल्याकडेही एप्रिल २०२५ मधे पाकिस्तानचं आकाश भारतीय कंपन्यांना बंद झालं आणि दिल्लीहून पश्चिमेला जाणारी विमानं दक्षिणेकडून वळवावी लागली. शहरं जागच्या जागी आहेत, अंतराची साइट तोच आकडा दाखवतेय, पण आत बसलेल्या माणसाचे तास वाढलेत. त्या साइटवर निदान एक ओळ तरी असायला हवी की हे अंतर उडायला मिळेलच असं नाही, असं मला मनापासून वाटतं.

ढगांच्या_वर
+१. आणि काही बंधनं भूगोलाचीही आहेत. तिबेटच्या पठारावरून फार कमी मार्ग जातात. केबिनमधला दाब गेला तर विमानाला लगेच दहा हजार फुटांपर्यंत खाली यायचं असतं, कारण प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन बारा-पंधरा मिनिटांच्या हिशोबाने असतो. पठाराची सरासरी उंचीच साडेचार हजार मीटर, म्हणजे चौदा हजार फुटांच्या वर! खाली येणार कुठे?

दोन इंजिनांच्या विमानांना आणखी एक नियम असतो, एक इंजिन बंद पडलं तर ठरावीक मिनिटांत कुठला तरी विमानतळ गाठता आला पाहिजे. अमेरिकेत १९५३ पासून ही मर्यादा ६० मिनिटांची होती, १९८५ मधे पहिल्यांदा १२० ची परवानगी मिळाली, आज ७८७ सारख्या विमानाला ३३० मिनिटांपर्यंत मिळते. मर्यादा जसजशी वाढली तसतशा समुद्रावरच्या वाटा सरळ होत गेल्या. सिडनी-सांतियागो सारखा मार्ग, जो खाली अंटार्क्टिकाच्या दिशेने झुकतो, तो दोन इंजिनांवर शक्य झाला तो यामुळेच.

केतकी_न
सगळ्यांचे खूप आभार, किती मनापासून लिहिताय. जाता-येतानाचा फरक आता पक्का कळला. ते वजाबाकीचं मात्र अजून राहिलंय, तीन तास आणि बारा तासांचं.

शुक्रतारा
ते सोपं आहे. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या शहराच्या घड्याळाची असते, म्हणून थेट वजाबाकी चालत नाही. दोन्ही वेळा आधी यूटीसीत, म्हणजे सगळ्या जगासाठी धरलेल्या एकाच प्रमाण वेळेत, करा आणि मग वजा करा. समजा हिवाळ्यात लंडनहून सकाळी ११ ला निघाले, लंडन तेव्हा यूटीसीवरच असतं, म्हणजे ११. न्यूयॉर्कला दुपारी २ ला पोचले, न्यूयॉर्क पाच तास मागे, म्हणजे यूटीसी १९. वजा केलं, आठ तास. येताना न्यूयॉर्कहून संध्याकाळी ७ म्हणजे यूटीसीत मध्यरात्री १२, तारीख दुसऱ्या दिवसाची. लंडनला सकाळी ६:५० ला उतरले. सहा तास पन्नास मिनिटं. पोचायच्या वेळेपुढे बारीक अक्षरात +१ असतं ते दुसऱ्या दिवसाचं, ते बघितल्याशिवाय कुणाला घ्यायला जायला सांगू नका.

तारखा मार्च किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या असतील तर अजून एक बघा. अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे होतं, ब्रिटनमधे मार्चच्या शेवटच्या रविवारी. परत मागे होतं ते ब्रिटनमधे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. या मधल्या दिवसांत दोन शहरांतला फरक पाच नाही, चार तासांचा असतो. आणि आंतरराष्ट्रीय वाररेषा आली की तर निघायच्या आधीच पोचल्यासारखं दिसतं, टोकियोहून रात्री ९ ला निघालेलं सात तासांचं विमान होनोलुलूला त्याच तारखेच्या सकाळी ९ ला उतरतं.

वकीलसाहेब_११
एका ठिकाणी मात्र ते सरळ अंतर फार कामाचं आहे, उशिराच्या भरपाईसाठी. युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम आहे, ब्रिटनने बाहेर पडल्यावरही तो आपल्या कायद्यात ठेवलाय. तीन तास किंवा जास्त उशीर झाला आणि कारण कंपनीच्या हाताबाहेरचं नसेल तर भरपाई मिळते, आणि ती किती हे अंतरावर ठरतं, १,५०० किमी आणि ३,५०० किमी हे त्यातले मुख्य टप्पे. हे अंतर बृहद्वृत्ताचंच धरायचं असं नियमातच लिहिलंय, विमान कितीही वळसा घेऊन जावो. मधे विमान बदललं असेल तरी पहिलं ठिकाण ते शेवटचं ठिकाण एवढंच. रोमहून ब्रसेल्समार्गे हॅम्बुर्गला गेलेल्या प्रवाशांचं प्रकरण होतं, दोन तुकड्यांची बेरीज १,६५६ किमी आणि सरळ अंतर १,३२६. युरोपीय न्यायालयाने २०१७ मधे सरळ अंतर धरलं आणि त्यांना खालच्या टप्प्याची भरपाई मिळाली.

उशीर मोजायचा तो चाकं टेकल्यापासून नाही. विमानाचं निदान एक दार उघडून प्रवाशांना उतरायची परवानगी मिळाली ती पोचायची वेळ, हे त्याच न्यायालयाने २०१४ मधे स्पष्ट केलंय. तेव्हा उशीर झालाच तर दार उघडलं ती वेळ मोबाइलमधे लिहून ठेवायला सांगा त्यांना.

रानपाखरू
गुडघ्याचं म्हणालात म्हणून सांगते. बसण्याचा वेळ तिकिटावरच्या वेळेपेक्षा जास्त धरा. लांबच्या विमानात बोर्डिंग सुटायच्या पाऊण-एक तास आधी सुरू होतं, जे आधी आत जातात ते तितका वेळ जास्त बसून राहतात, आणि पोचल्यावर दार उघडून पुढच्या रांगा रिकाम्या होईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं. म्हणजे जाताना साधारण नऊ तास, येताना आठच्या आसपास. यातला हवेतला मधला भाग उठून फिरता येतो, आतल्या बाजूची वाटेलगतची सीट आत्ताच घेऊन ठेवा आणि बाबांना तासा-दीड तासाने उभं राहायला सांगा. त्यांना जाताना बोर्डिंगच्या शेवटी शेवटी आत जाऊ द्या, सामान आईंनी आधी नेऊन ठेवलं तर उत्तमच.

ढगांच्या_वर
आणि नेमका आकडा हवा असेल तर त्यांच्या फ्लाइटचा नंबर फ्लाइटरडार२४ सारख्या साइटवर टाका, मागच्या काही दिवसांचे प्रत्यक्ष सुटल्या-उतरल्याच्या वेळा दिसतात. एका दिवसाची बघू नका, आठवड्याभराची बघा, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी दोन्ही लिहून काढा. आत्ता बघितलेलं हिवाळ्यासाठी धरू नका मात्र, निघायच्या आठवड्यातच परत बघा.

केतकी_न
आत्ताच बघितलं. गेल्या आठवड्यात जाताना हवेतला सगळ्यात कमी वेळ ७ तास ५ मिनिटं, जास्तीत जास्त ७:४०. बाबांना नऊ तास बसायची तयारी ठेवा असं सांगितलंय आणि दोघांच्या वाटेलगतच्या सीट घेतल्या. परतीच्या तारखा ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आहेत, शुक्रतारा, तुमचं ते चार तासांचं तिथे लागू होतंय, घ्यायला येणाऱ्या भावाला लंडनची वेळ तारखेसकट कळवलीये.